अक्कांचं कपाळ

दादा गेले हे अक्कांना पहिल्यांदा त्यांच्या मुलानं सांगितलं, दवाखान्यातून घरी आल्यावर. दुसऱ्यांदा त्याच संध्याकाळी मी सांगितलं. त्यानंतर कोणी कितीदा सांगितलं ते विचारू नका.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, आणि दादा म्हणजे त्यांचे मालक, माझे थोरले दीर. माझे मालक लवकर गेले. लेक सासरी गेली तशी मी एकटीच उरले. तेव्हा दादांनी निरोप धाडला. थेट माझ्याशी ते कधी बोलत नसत, मीही डोक्यावर पदर घेतल्याशिवाय कधी त्यांच्यासमोर गेले नाही. सगळं बोलणं अक्कांच्या मार्फत. "धाकटीला सांग, तिकडं एकटी भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा इकडं येऊन तुझ्याशी भांड म्हणावं." अक्का मला धाकटेच म्हणायच्या, माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. तर अशी मी मखमलाबाद रोडच्या त्यांच्या घरी राहायला आले, आणि आम्ही खरंच भांडलो. भाजीत गूळ घालायचा की नाही ह्यावरून दोन म्हाताऱ्या बायका किती भांडू शकतात ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा.

मग अक्का भांडायच्या थांबल्या. ते पहिलं लक्षण होतं, पण ते आम्हाला कळलं नाही. आम्हाला वाटलं वयानं मऊ झाल्या. मग वरणात मीठ दोनदा पडायला लागलं, मग एक दिवस पंचवटीतून भाजी घेऊन येताना त्या भलतीकडेच गेल्या आणि एका रिक्षावाल्यानं आणून सोडल्या. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. आमच्याकडे त्याला कोणी काही नाव दिलं नाही. "अक्कांना आठवत नाही" एवढंच म्हणायचो.

त्यांचं सगळं दादा करायचे. सातपूरच्या कंपनीत लेथवर काम केलेला माणूस. बायकोची वेणी घालायला बसले की ती मापात आल्याशिवाय उठायचे नाहीत. "हलू नको, वाकडी जाईल," म्हणायचे. आंघोळ घालून, लुगडं नेसवून खुर्चीत बसवायचे आणि आरसा पुढं धरायचे. मग अक्का स्वतःच्या बोटानं आधी मेण लावायच्या, त्यावर कुंकू. चांगलं रुपयाएवढं, ठसठशीत. मुलाचं नाव चुकायचं, वार चुकायचा, चहा घेतला की नाही तेही ठरवता यायचं नाही, पण कुंकवाचं बोट कधी चुकलं नाही.

आणि मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी दादा चहाचा कप हातात घेऊन बसले होते ते तसेच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, इगतपुरीहून आल्या. दादांच्या पाठची बहीण. भावाच्या प्रेतावर पडून रडल्या, आणि मग डोळे पुसून सगळं हातात घेतलं, तसा त्यांचा स्वभावच आहे. दहाव्याला पुरुष गंगेच्या घाटावर गेले तेव्हा घरात प्रश्न निघाला, वहिनींचं काय करायचं? कुंकू पुसायचं का? मंगळसूत्र काढायचं का? अक्का तेव्हा पलंगावर बसून शेंगा सोलत होत्या. एवढ्या बायका का आल्यात म्हणून खूश होत्या.

अक्कांचा मुलगा आदल्या दिवशीच म्हणाला होता की असलं काही करू नका. पण वन्सं म्हणाल्या, "शास्त्र ते शास्त्र. आणि दुसरं सांगू का, ह्यानं तिच्या ध्यानात तरी राहील. कपाळाला हात गेला की कळेल. नाहीतर रोज कोण सांगत बसणार तिला?"

आता ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्या दिवशी ते आम्हा सगळ्यांना पटलं. लहान मुलाच्या बोटाला दोरा बांधतात ना, काहीतरी लक्षात राहावं म्हणून, तसं काहीतरी. डोकं विसरतं तर कपाळानं लक्षात ठेवावं. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईनं पुसलं. अक्का हसत होत्या, त्यांना वाटलं तोंड धुतायत. बांगड्या मात्र काढताना त्या चिडल्या. "माझ्या आहेत," म्हणाल्या, "तुमच्या तुम्ही घ्या."

दुसऱ्या दिवशीपासून सुरू झालं.

आंघोळ घालून मी त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी आरशात बघितलं. बोट कपाळावर गेलं. "धाकटे, माझं कुंकू कुठंय गं?" मी म्हटलं, "अक्का, दादा गेले ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग जो आवाज काढला तो मी आयुष्यात माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. दुपारपर्यंत रडल्या. जेवल्या नाहीत. मग डोळा लागला, उठल्या आणि म्हणाल्या, "चहा ठेव, हे येतील आता."

आपल्यावर आभाळ एकदा कोसळतं. मी माझ्यावरून सांगते, त्यातून बाहेर यायला वर्षं लागतात पण रोज थोडं थोडं येता तरी येतं. अक्कांवर ते रोज सकाळी आंघोळ झाल्यावर कोसळायचं, आणि रोज नवं. काल रडलेलं आज उपयोगाला यायचं नाही. दोराच बांधला होता ना आम्ही, तो काम करत होता. कपाळाला हात गेला की त्यांना कळायचं की काहीतरी झालंय. काय झालंय ते मात्र दरवेळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं.

मी आरसे काढले. कपाटाच्या आरशाला वर्तमानपत्र चिकटवलं. कुंकवाचा करंडा देवघरामागं लपवला. तर त्या स्टीलच्या ताटात बघायच्या. ताटात कसलं नीट दिसतंय, पण कपाळावर लाल नाही एवढं दिसायचं.

मदतीला हरसूलकडची एक बाई ठेवली होती, मायाळू होती, पण तिच्याच घरी लग्न निघालं आणि ती गावी गेली. त्या आठवड्यात हे झालं. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून किंकाळी आली. धावत आले तर अक्का स्वयंपाकघरात, ओट्यावर मसाल्याचा डबा उघडा, आणि कपाळावर लाल तिखट. तेलाचं बोट लावून त्यावर तिखट लावलं होतं, मेण नाही म्हणून तेल, काय डोकं चाललं बघा. आणि तेलाबरोबर ते ओघळून दोन्ही डोळ्यांत गेलं होतं. मी त्यांचं डोकं नळाखाली धरलं. त्या माझ्या हाताला चावत होत्या, लाथा मारत होत्या, आणि मधेच थांबून विचारायच्या, "नीट लागलं का गं? मधोमध लागलं का?"

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दृष्टीला काही झालं नाही. पण पापण्या अशा सुजल्या होत्या की त्यांना दिवसभर काही दिसलं नाही, आणि आंधळ्यासारख्या हात पुढं करून त्या दादांना हाका मारत घरभर फिरल्या.

सूज उतरली त्या सकाळी मी करंडा काढला. आंघोळ घातली, आरशावरचा कागद फाडला, आणि करंडा त्यांच्या हातात दिला. त्यांचा हात कापत होता, म्हणून शेवटी मीच लावलं. मेण, त्यावर कुंकू. मेन रोडवरून काळ्या मण्यांची पोत आणली होती ती गळ्यात घातली. अक्कांनी आरशात बघितलं आणि मान डोलावली, शिंप्याकडून आलेलं झंपर बसलं की बाई डोलावते तशी.

"हे कुठं गेले?"

"फर्स्ट शिफ्टला."

"डबा दिलास?"

"दिला की."

"काय दिलंस?"

"मेथी."

"कालपण मेथी होती. तुला काही सुचतं का दुसरं?"

कित्येक महिन्यांत त्या माझ्याशी भांडल्या नव्हत्या. मी आत जाऊन तोंडात पदर घातला.

वन्संना हे कळायला वेळ लागला नाही. फाल्गुनात त्या तांदळाची पिशवी घेऊन आल्या. दारातच थबकल्या. अक्का समोर बसलेल्या, कपाळभर कुंकू, गळ्यात पोत, हातात हिरव्या बांगड्या.

"हे काय गं?" वन्सं मला म्हणाल्या. अक्कांना नाही, मला.

मी म्हटलं, "आधी पाणी घ्या."

"पाणी राहू दे. विधवेनं विधवेला सवाष्ण केली! वा! आणखी काय काय करतेस? वटपौर्णिमेला वडाला नेणारेस का?"

"म्हणाल्या तर नेईन."

"आणि तुझं कपाळ? तुलाही लावून घे की मग. दोघी जावा मिरवा."

मी तिखटाचं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं. वन्सं ऐकून मऊ झाल्या नाहीत. पिशवी खाली ठेवून त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण माझा भाऊ मेला गं. आणि त्याच्या बायकोला त्याचं दुःखसुद्धा नको? एवढा संसार केला तिच्याशी, हागणंमुतणं काढलं शेवटी. त्याच्या नावानं एक अश्रू तरी तिनं ढाळायला नको?"

मी म्हटलं, "वन्सं, ढाळले. रोज ढाळले. आता संपू देत."

अक्का आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या. मग वन्संना म्हणाल्या, "का रडताय? तुमचे भाऊ येतीलच आता, त्यांच्यापुढं रडा. ते काढतील समजूत."

वन्सं जेवल्या नाहीत. पुढची बस धरून गेल्या. तांदूळ ठेवून गेल्या मात्र.

त्यांचं काय, त्या चार महिन्यांनी एकदा येणार. खरा प्रश्न अक्कांच्या मुलाचा होता. तो पुण्याला नोकरीला. आईला एकदा घेऊन गेला होता, तर लिफ्टमध्ये तिनं असा आरडाओरडा केला की सगळी बिल्डिंग गोळा झाली. परत आणून सोडावी लागली. तेव्हापासून जमेल त्या शनिवारी यायचा. गुणी पोरगा. आल्या आल्या आईची नखं काढायचा, औषधं भरून ठेवायचा.

त्यानं दादांचा फोटो मोठा करून आणला होता, चांगला चौकटीत घालून, चंदनाचा हार घालून. हॉलमध्ये लावला. अक्कांनी बघितला आणि घर डोक्यावर घेतलं. "जिवंत माणसाला हार घालता? कोणाच्या पोटात दुखतंय माझ्या धन्याचं?" खुर्चीवर चढून काढायला गेल्या. तो फोटो मग कपाटात गेला, माझ्या लुगड्यांच्या मागं.

एका शनिवारी, अक्का झोपल्यावर, तो मला म्हणाला, "काकू, तुम्ही आईचं भलं करताय, कळतंय मला. पण ह्या घरात मला बापाचं नाव काढायची चोरी झालीय. ती विचारते, दादा कुठेत तुझे, आणि मी हसून म्हणायचं, कंपनीत. त्यांचा शर्ट दिसला तरी डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. मी रडायचं कुठं? मी सिन्नर येईपर्यंत गाडीत रडत जातो."

त्याचा बाप मेला होता आणि त्याला गळ्यात पडायला आई होती पण नव्हती.

"एकदा नीट सांगून बघतो," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी घाईघाईत सांगितलं. मी हात धरून, शांतपणे सांगतो. कदाचित आम्ही दोघं मिळून..."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांगितलं. खरंच शांतपणे, हात हातात घेऊन, लहान लहान वाक्यांत. "आई, दादा आजारी पडले. दादांना त्रास झाला नाही. दादा गेले. आता मी आहे." अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, जमलं ह्याला. आणि मग त्यांनी भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. त्यानं मधे स्वतःचा तळहात घातला. बराच वेळ त्या त्याच्या तळहातावर डोकं आपटत होत्या आणि तो हात काढत नव्हता. बोटं सुजली त्याची. निघताना मला म्हणाला, "तुम्ही लावा कुंकू. मी नाही परत सांगणार."

वर्षश्राद्धसुद्धा मग त्यानं पुण्यालाच केलं, गुपचूप.

गंगापूर रोडकडे एका दवाखान्याच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा आमच्यासारख्यांची बैठक भरते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे ते सगळे येतात, चहा घेतात, बोलतात. एक मॅडम असतात, त्या समजावून सांगतात. मी शेजारणीला अक्कांजवळ बसवून जायला लागले. तिथं मला पहिल्यांदा कळलं की दिवसातून शंभर वेळा तेच तेच उत्तर देणारी मी एकटीच नाही.

देवळाली कॅम्पचे एक रिटायर्ड मिलिटरीवाले यायचे. कडक इस्त्री, मिशा. त्यांच्या बायकोला हा आजार. त्यांनी सांगितलं, "मॅडम म्हणाल्या पेशंटच्या जगात जा. गेलो. तिथं मी तिचा भाऊ आहे. राखीला राखी बांधून घेतली, ओवाळणी टाकली. आता पुढचं ऐका. निजायच्या वेळी खोलीला आतनं कडी लावते आणि मला म्हणते, तू बाहेर झोप, लोक काय म्हणतील." सगळे हसले. तेही हसले. "बरोबर आहे तिचं," म्हणाले, "भावाला कशाला खोलीत घेईल?" आणि चहाचा कप तसाच धरून बसले, प्यालेच नाहीत.

मी मॅडमना माझं विचारलं. खरं सांगायचं की खोटं? त्या म्हणाल्या, "आजी, खरं-खोटं बाजूला ठेवा. त्यांना त्या घडीला काय हवंय ते बघा. दादा कुठेत विचारलं, तर विचारा, दादांची आठवण येतेय का? त्यांना बोलू द्या." चांगली बाई. मी घरी येऊन तसंच केलं. "अक्का, दादांची आठवण येतेय का?" तर अक्का म्हणतात, "आठवण यायला काय झालं? सकाळीच तर गेलेत. तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

पण खोट्यालाही घरभाडं भरावं लागतं, ते मला पुढं कळलं. मेलेला माणूस निदान येणार नाही म्हणून कळतं. शिफ्टला गेलेला माणूस यायला हवा. दुपारी चारच्या सुमाराला अक्का फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. ऊन असो, पाऊस असो. मी छत्री धरून मागं. "ओव्हरटाइम लागला असेल," मी म्हणायची. एक दिवस चाललं, आठवडा चाललं. मग त्या म्हणायला लागल्या, "कसला ओव्हरटाइम? बाई ठेवलीय कुठंतरी." आणि एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर पेला माझ्या अंगावर फेकला.

"तूच. तुझा नवरा मेला तेव्हापासून तुझा डोळा होता. तूच लपवलंस त्यांना. म्हणून तर रोज गोड बोलून मला कुंकू लावतेस. माझ्या घरात राहून माझंच खातेस, रांडे."

शेजारीण फाटकात उभी होती. तिनं मान खाली घातली.

गरम चहा छातीवर सांडलेला, आणि मी तशीच उभी. ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर मी कधी ढळू दिला नाही, त्यांच्या नावानं. त्या वेळी माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं. दोन शब्द, दादा गेले. ते बोलले असते तर माझ्यावरचा आळ तिथल्या तिथं फिटला असता, आणि त्या पुन्हा भिंतीपाशी गेल्या असत्या. मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीपाशी बसले. उन्हं कलेपर्यंत खाली आले नाही. आले तेव्हा अक्का म्हणाल्या, "धाकटे, कुठं होतीस? मी केव्हाची एकटी आहे."

मग श्रावणात त्यांना ताप भरला. लघवीचं इन्फेक्शन. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून आणल्या त्या निम्म्याच आणल्या. चालणं गेलं. बोलणं कमी झालं. डायपर आला. घास तोंडात धरून बसायच्या, गिळायचं विसरायच्या. मी गळ्याखालून बोट फिरवायची, तेव्हा उतरायचा.

आणि त्यांनी विचारणं बंद केलं.

मला लगेच नाही लक्षात आलं. कामाचा रगाडाच एवढा होता. एक दिवस आंघोळीचं फडकं फिरवताना माझं उत्तर जिभेवर तयार होतं, फर्स्ट शिफ्टला, आणि प्रश्न आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार वाजले, फाटकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कुंकू लावताना लहान मूल नाक पुसताना तोंड फिरवतं तशी मान फिरवायला लागल्या. शेवटी मीच विचारलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, तरी विचारलं. "अक्का, दादा आले नाहीत अजून."

"कोण दादा?" त्या म्हणाल्या.

इतके दिवस ज्यासाठी खोटं बोलले, वन्संना तोडलं, पोराला गाडीत रडायला लावलं, ते राखायला आता काही उरलंच नव्हतं. सुटका म्हणायची तर सुटका. मी त्या दिवशी दोनदा देवापुढं बसले आणि दोनदा काही न म्हणता उठले.

मुलगा शनिवारी आला तेव्हा मी त्याला सांगितलं. नखं काढून झाली, औषधं भरून झाली. मग पलंगाजवळ खाली बसला, आईच्या पायाशी. मी दारात उभी होते. मला वाटलं होतं तो आता परत कधी ते बोलणार नाही. पण तो बोलला. तिच्यासाठी नाही, स्वतःसाठीच बोलला असावा.

"माझे वडील गेले," तो म्हणाला.

मी भिंतीपाशी जाऊन उशी धरायच्या तयारीत.

अक्कांनी त्याच्याकडे बघितलं. कित्येक दिवसांनी त्यांनी कोणाकडे तरी नीट बघितलं. "अरेरे," म्हणाल्या. "केव्हा रे?"

"झालं आता वर्ष होऊन गेलं."

"आजारी होते?"

"नाही. चहा पिता पिता गेले."

"चांगलं मरण आलं म्हणायचं. पण मागच्यांना फार लागतं." त्यांचा हात त्याच्या डोक्यावर आला. "रड. पुरुषांनी रडू नये म्हणतात, काही ऐकू नकोस. रड."

तो रडला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, आवाज न दाबता, हुंदक्यांनी सगळं अंग हलेपर्यंत रडला. अक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जसा कोणाच्याही मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"आई आहे ना तुला?" त्यांनी विचारलं.

त्यानं मान हलवली.

"मग तिला जप. तिचं काय होत असेल, बिचारीचं." मग जरा वेळानं त्यांनी दाराकडे, माझ्याकडे बघितलं. ओळख नव्हती. "अहो बाई, ह्याच्या घरी चूल पेटली नसेल. सुतक असेल. ह्याला पिठलं-भाकरी द्या हो बांधून. उपाशी जाऊ देऊ नका."

आमच्याकडे तशीच रीत आहे. ज्याच्या घरी माणूस गेलं त्याच्या घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेऊन देतात. दादा गेले तेव्हा आमच्याकडेही चार घरून आलं होतं, अक्का तेव्हा पोटभर जेवल्या होत्या, पाहुणे आलेत म्हणून.

मी आत गेले. कढईत तेल टाकलं, मोहरी टाकली, डाळीचं पीठ कालवलं. भाकऱ्या थापल्या. बाहेर पोरगा अजून रडत होता आणि अक्का त्याला उगी उगी म्हणत होत्या.

ताट वाढून आणलं तेव्हा तो तोंड धुऊन आला होता. जमिनीवर मांडी घालून बसला आणि जेवला. सगळं जेवला, भाकरीचा तुकडाही उरू दिला नाही. अक्का पलंगावरून त्याच्याकडे बघत होत्या. परक्या घरचं पोरगं आपल्या दारी जेवतंय म्हणून त्यांना बरं वाटत होतं.